दीड इंच उंच जाळी

५ फेब्रुवारी

सूनबाई,

"टेबल विकून टाका, जागा मोकळी होईल," एवढाच तुझा निरोप फोनवर आला. माझं उत्तर: विकणार नाही. फोनवर लिहायला गेले की माझं बोट एकाच वेळी दोन अक्षरांवर पडतं, म्हणून हे कागदावर.

शेजारीण परवा म्हणाली, "अहो, आता ती कसली सून तुमची? कोर्टाने निकाल दिला ना!" मी म्हटलं, कोर्टाने काडीमोड केला तो त्या दोघांचा. त्या कोर्टात माझं नाव कोणी घेतलंसुद्धा नाही. मी कुठे सही केली नाही, मला कोणी विचारलं नाही. मग मी माझी सून का सोडू? शेजारीण शिवायला टाकलेले पडदे मागायला आली होती. तिला आणखी आठवडाभर थांबवलं.

आता टेबलाचं. फ्रिज नको, कपाट नको, टेबल टेनिसचं टेबल हवं, असं तू लग्नात म्हणालीस तेव्हा मी कपाळावर हात मारला होता. पुढच्या खोलीत ते आलं आणि माझं शिवणयंत्र खिडकीशी जाऊन बसलं. पण तू गेल्यापासून मी त्याच्यावरच कापड बेतते. कमरेइतकं उंच, गुळगुळीत, लांबरुंद. शाळेच्या गणवेशाचा अख्खा तागा पसरता येतो. जमिनीवर बसून बेतायचे तेव्हा उठताना दोन्ही गुडघे माझ्या नावाने शंख करायचे, ते आता गप्प आहेत.

आणि आत्ता टेबल विकणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. तुला तिकडे परदेशात बसून कल्पना नाही, इथे लोकांना या खेळाने झपाटलंय. कोपऱ्यावरच्या बँकेने वरच्या मजल्यावर टेबल मांडलंय. दुपारी पैसे काढायला गेलं की डोक्यावर टकटक टकटक चालू. खेळाच्या सामानाच्या दुकानात चेंडू संपलेत. दवाखान्यात बसलेली माणसं फोनवर कुठल्या कुठल्या देशांतले सामने बघत असतात आणि नंबर लागला तरी उठत नाहीत. ज्यांनी जन्मात कधी बॅट धरली नाही ते मला रस्त्यात थांबवून विचारतात, "तुमच्याकडे टेबल आहे ना हो?"

काल तर टपालवाले आले. निवृत्त झाल्यापासून त्यांना करमत नाही. कापडी पिशवीतून बॅट काढून दाखवली आणि म्हणाले, "बाई, तासभर मिळेल का?" मी म्हटलं, इथे कात्री फिरते, तुमची बोटं जातील. बिचारे गेले.

घरी सगळं ठीक. चिरंजीव बरे आहेत. ठिपकीची मापं पाठव, नातीला फ्रॉक शिवायचाय. उंची भिंतीशी उभी करून घे, अंदाजाने लिहू नकोस.


२ मार्च

सूनबाई,

टपालवाल्यांना आत घेतलं. काय करणार! रोज येऊन पायरीवर बसायचे, बोलायचे काही नाहीत. माणूस काही मागत नसला की नाही म्हणणं फार अवघड जातं. सोमवारी माझी सुट्टी असते, म्हटलं सोमवारी या. मग वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी टकटक ऐकली आणि त्या खाली आल्या. त्या कॉलेजात खेळायच्या म्हणे. मग त्यांचे पेशंट आले. गालाला सूज असलेला एक माणूस माझ्या घरात येऊन खेळून गेला, सूनबाई! आता फक्त सोमवार राहिलेला नाही, रोज संध्याकाळी माझी कात्री बंद आणि त्यांचा खेळ सुरू.

आणि ऐक. मीसुद्धा बॅट धरली. हसू नकोस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, सुई धरता तशी हलकी धरा." सुई म्हटल्यावर हाताला कळलं. पहिल्या दिवशी चेंडू शिवणयंत्राखालीच जास्त गेले. पण आता येतात बाई परत. तू एवढी या खेळात का रमायचीस ते मला तेव्हा कळत नव्हतं. समोरचा माणूस इतका जवळ असतो की त्याचा चेहरा वाचता येतो, त्याला फसवता येतं आणि वर दोघांना हसता येतं. एवढं तर मी तुझ्या सासऱ्यांशी संसारातही केलं नाही.

जाळी मात्र उंदरांनी खाल्ली होती. ती मी नवी शिवली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं सहा इंच. मच्छरदाणीचं चांगलं सुती कापड आणलं, वर पांढरी पट्टी, आत दोरी, दोन्ही टोकांना दुहेरी टीप. टपालवाले म्हणाले, "विकतची झक मारते हिच्यापुढे." खरंच मारते.

तुझं उत्तर आलं नाही. कामात असशील. मापांची वाट बघते. चिरंजीव बरे आहेत.


३० मार्च

सूनबाई,

तू रागावलीस! मला किती बरं वाटलं. परक्या माणसाला कोणी एवढं लांबलचक रागावत नाही. "टेबलावर खडूने खुणा करता? ओल्या फडक्याने पुसता? आणि इस्त्री तर ठेवली नाहीत ना त्याच्यावर?" खडूच्या खुणा आता करत नाही, टाचण्या लावते. पुसते कोरड्या फडक्याने. इस्त्रीबद्दल मी काही लिहिणार नाही.

मापं मिळाली. उंची वाचून मी टेप भिंतीला लावून बघितला, तर ठिपकी माझ्या खांद्याला लागते! मी कितीतरी वेळ तिथे हात ठेवून उभी होते. माझ्या डोळ्यांसमोर अजून ती टेबलाच्या खाली उभ्याने मावणारी पोर आहे.

फोटो पण पाहिला. बागेत दगडाची टेबलं, आणि जाळीच्या जागी लोखंडी पत्रा! त्यावर पाऊस पडला तरी चालत असेल. ठिपकीच्या समोर तो टोपीवाला म्हातारा कोण? तू लिहिलंस, त्यांना एकमेकांची भाषा येत नाही, तरी रोज खेळतात. आणि तुझ्याकडे खेळ शिकायला आजोबा-आज्याच जास्त येतात, काहींचे हात थरथरतात, पण चेंडू आला की थरथर थांबते. ही ओळ मी टपालवाल्यांना वाचून दाखवली. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं आणि बॅट उचलली.

मोठी बातमी अशी की नगरपालिकेच्या सभागृहात सामने आहेत. कोणीही भाग घ्या, वयाची अट नाही. आमच्या इमारतीतून अर्धी माणसं उतरतायत. मी आणि टपालवाले दुहेरीत. दुहेरीत एकाने मारला की पुढचा दुसऱ्याने मारायचा, मध्ये बाजूला सरायचं, हे तुला मी काय सांगू. पण आमच्या टपालवाल्यांची अडचण अशी की जन्मभर दारोदार फिरलेला माणूस, एक चेंडू मारला की फिरायलाच निघतो. परत येईपर्यंत माझाही मारून झालेला असतो.

तू विचारलंस, तो कसा आहे, घरी असतो का. असतो. कामं असतात त्याला. बाकी काय लिहू. बॅटच्या रबरावर धूळ बसली की काय लावायचं तेवढं कळव.


२१ एप्रिल

सूनबाई,

आमचा पार धुव्वा उडाला. कसा ते सांगते. आणि मग आणखी एक गोष्ट सांगायची आहे, ती शेवटी. आधी हसून घे.

सभागृहात ही गर्दी! दारात रांग, आत टेबलंच टेबलं, आणि तो सगळा टकटकाट. आमच्यासमोर कॉलेजच्या दोन पोरी. मी फेकलेला पहिलाच चेंडू जाळीवरून इतका आरामात, इतका ऐटीत गेला की त्या पोरीला तो मारण्याआधी केस सारखे करायला वेळ मिळाला. मग तिने तो असा हाणला की टपालवाल्यांच्या कानाजवळून गेला. पुढचाही तसाच, त्याच्या पुढचाही तसाच. त्यांचा चेंडू टेबलाच्या कडेला लागून गेला की मात्र दोघी हात वर करून माफी मागायच्या. सोलत होत्या, पण अगदी अदबीने.

मी म्हटलं, आपण म्हातारे, आपलं असंच व्हायचं. पण डॉक्टरीणबाई एकेरीत तशाच हरल्या. गालवाले हरले. आमच्या इमारतीतली एकूण एक माणसं त्याच एका पद्धतीने हरली, सगळ्यांचे चेंडू छताकडे. शेवटी तिथले पंच जवळ येऊन म्हणाले, "तुम्ही सगळे एकाच सरांकडे शिकलात का हो?"

तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी चमकलं. गळ्यातला टेप काढला, तिथली जाळी मापली. सहा इंच. तशीच घरी आले, टपालवाले मागोमाग. आमची जाळी मापली. साडेसात!

सूनबाई, सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. म्हणून मी सहा इंच तयार धरून वर दीड इंच आटायला सोडलं होतं. जन्मभराची सवय, हातानेच सोडलं, डोक्याला विचारलंच नाही. पण जाळी कोण धुतं! दीड-दोन महिने ही सगळी माणसं माझ्या दीड इंचावरून चेंडू उचलून उचलून टाकायला शिकली. टपालवाले खुर्चीत बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "बाई, म्हणजे आपण इतके दिवस कुंपणावरून खेळत होतो!" मी तिथल्या तिथे टीप उसवली आणि जाळी आखूड केली. आता सगळे चेंडू मुद्दाम खालून काढायला बघतात, ते जाळीत जातात आणि सगळे मला शिव्या देतात.

झालं हसून? आता दुसरं.

सभागृहात तिसऱ्या रांगेत आपले चिरंजीव बसले होते. त्यांच्याशेजारी एक मुलगी होती. चष्म्याच्या दुकानात काम करते, डोळे तपासते. ते दोघं लग्न करतायत. ठरून बरेच दिवस झाले. मी तुला पत्रांत "चिरंजीव बरे आहेत" लिहीत राहिले आणि पुढचं वाक्य गिळत राहिले. भीती वाटली, दुसरं काही नाही.

मुलगी चांगली आहे. मी हरल्यावर पाण्याचा पेला घेऊन आली आणि मला हसली नाही, माझ्याबरोबर हसली. ती मला आवडली, हेच तर अवघड आहे. आवडली नसती तर तुला लिहायला सोपं गेलं असतं.

लग्नानंतर दोघं इथेच राहणार. त्यांना पुढची खोली लागेल. चिरंजीव म्हणतात, यंत्र मागच्या गॅलरीत जाईल, टेबलाचं मात्र काहीतरी बघ. वाकडं बोलला नाही, हळूच म्हणाला. तोही काही दगड नाही.

आता तुला खरं सांगते. मी ते टेबल कापड बेतायला ठेवलं नव्हतं. ते या घरात आहे तोवर तुझं काहीतरी या घरात आहे, आणि मला तुला पत्र लिहायला निमित्त आहे. ते गेलं की मी तुझी कोण? तुझ्या मुलीच्या बापाची आई. इतक्या लांबच्या नात्याला कोण उत्तर देतं?

टेबल तुझं आहे. तू सांगशील तसं करते.


१६ मे

सूनबाई,

तुझं काही आलं नाही. फोनवरही नाही. टपालवाले रोज येऊन विचारतात आणि मी मान हलवली की, "हल्ली टपालखात्यात पहिल्यासारखं राहिलं नाही," म्हणतात. माझ्या समाधानासाठी स्वतःच्या खात्याला नावं ठेवतात, चांगला माणूस आहे.

दिवस थांबत नाहीत, म्हणून तुझ्या उत्तराशिवायच ठरवावं लागलं. टेबल विकलं नाही. इमारतीखाली गाड्या ठेवायची जागा आहे ना, जिन्याशेजारची, तिथे नेलं. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांची बैठक घेतली. एरवी दिवा कुठे लावायचा यावर तीन-तीन बैठका होतात, पण टेबलाला कोणी नाही म्हटलं नाही. ज्यांची गाडी हलवावी लागली तेसुद्धा बॅट घेऊनच खाली आले. आता सकाळी मी तिथे बेतते आणि संध्याकाळी ते सगळे खेळतात. समोरच्या इमारतीतलेही यायला लागलेत. त्यांनाही स्वतःचं टेबल घ्यायचंय.

उचलून नेताना मी जिन्यात उभी होते. अर्धं टेबल एका खेपेत, अर्धं दुसऱ्या. चिरंजीवांनी एक बाजू धरली होती. वळणावर ते भिंतीला घासलं तेव्हा "अरे, जपून!" तो असा ओरडला, जसं काही आत माणूस आहे.

खोली आता केवढी मोठी वाटते. मला ती आवडत नाही.

लिहिण्यासारखं एवढंच. टेबलाचं आता काही विचारायचं उरलं नाही, तरी मी लिहायला बसले. तुला ही पत्रं नको असतील तर तसं कळव, मी थांबेन. राग धरणार नाही. चार दिवस रडेन, ते माझं मी बघेन. पण ठिपकीला माझ्याबद्दल अधूनमधून काही सांगत जा. फ्रॉक पोचला का तेवढं तरी कळव.


४ जून

सूनबाई,

काल तुझा फोन आला तेव्हा मी काही बोलले नाही. तुला काय वाटलं असेल देव जाणे. तेव्हा काय झालं होतं ते लिहिते.

त्या मुलीचा लग्नाचा झगा शिवतेय मी. काल ती मापाला आली होती. स्टुलावर उभी, अंगभर टाचण्या, मी खाली बसून घेराची घडी लावतेय. तोंडात टाचण्या, दहा-बारा तरी असतील. फोन वाजला. नाव बघितलं, पण हातातली घडी सोडली तर घेर सुटला असता, म्हणून तिने स्टुलावरूनच वाकून फोन उचलला, मोठ्याने ऐकू येईल असा केला आणि माझ्यासमोर धरला. आणि तू सुरू झालीस. इतक्या वर्षांत तू माझ्यासमोर एका दमात एवढं कधी बोलली नव्हतीस. मी मध्ये बोलायचेच ना!

तू म्हणालीस, "लग्नाचं मला जानेवारीतच कळलं होतं. त्यानेच कळवलं. म्हणून तर टेबल विका म्हटलं. नवीन माणूस घरात येणार, तुम्ही माझ्यापायी अडून बसाल, हे मला माहीत होतं." आणि म्हणालीस, "तुम्ही कधी सांगता याची मी प्रत्येक पत्रात वाट बघत होते. तुम्ही आपलं चिरंजीव बरे आहेत!" तू हसत होतीस का रडत होतीस ते मला कळलं नाही.

मग म्हणालीस, फ्रॉक पोचला, तिला छान बसतो, अंगातून काढत नाही. इतके दिवस गप्प राहिले कारण ठिपकीच्या सुट्टीचं आणि तिकिटाचं नक्की होत नव्हतं, आणि नुसता शब्द देऊन तुम्हाला झुलवत ठेवायचं नव्हतं. आता झालंय. मी येणार नाही, मला अजून त्या जिन्यावर पाय ठेववणार नाही. पण ती येईल, विमानात कंपनीची एक बाई सोबत असते. सुट्टी संपेपर्यंत राहील. कोणाच्या घरी पाठवत नाहीये मी तिला, तुमच्याकडे पाठवतेय. चालेल ना? तिथे जी नवीन येतेय तिला चालेल ना, ते पण विचारा.

आणि मग तू म्हणालीस, "आई, ऐकताय ना? आई?"

कोर्टापासून तू मला काहीच म्हणून हाक मारली नव्हतीस. मी तोंडातल्या टाचण्या काढायला हव्या होत्या. पण तोंड उघडलं असतं तर मी रडले असते, आणि रडले असते तर टाचण्या गिळल्या असत्या. म्हणून मी मान हलवली. जोरजोरात हलवली. फोनवर मान हलवलेली दिसत नाही हे तू फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. मी पुन्हा लावायला गेले तर तुझा बंद. तुझ्या आजोबा-आज्यांचा वर्ग सुरू झाला असणार.

पाच मिनिटांनी तुला माझ्या फोनवरून एक निरोप आला असेल: "आई मान हलवत आहेत. हो म्हणत आहेत. मलाही चालेल." तू विचारात पडली असशील की या बाईला एवढं नीट टाइप कधीपासून यायला लागलं. तो मी लिहिलेला नाही. तिने लिहिला. मी तोपर्यंत जमिनीवर बसून पदराने डोळे पुसत होते, आणि ती त्या स्टुलावर, जराही हलली तर टाचणी टोचेल अशी उभी राहून, एका बोटाने एकेक अक्षर शोधत होती.